ही पांढरी कोणाची?

“ही करडी, पावसाविना ढगासारखी चालत येणारी, कोणाची?”

दिवस कलला की म्हातारा कुंपणाच्या तोंडाशी काठी टेकून उभा राहायचा आणि असं विचारायचा. खर्जातला आवाज, धुळीसारखाच मऊ. समोरून धुळीचा लोट यायचा, लोटातून शिंगं, शिंगांमागून डोळे. प्रश्न टाकून म्हातारा थांबायचा. काटेरी कुंपणाला टेकलेल्या ओंडक्यावर त्याचा मुलगा केबोनांग बसलेला असायचा. त्यानं उत्तर ओरडल्याशिवाय गाय आत जायची नाही.

“घराची!”

“हा काळा, ज्याच्या हंबरण्यानं आटलेली विहीर जागी होते, कोणाचा?”

“केबोनांगचा!” हे मात्र पोरगं जरा जास्तच जोरात ओरडायचं.

मग लाल गाय यायची. तिची ओळ म्हातारा गेल्यापासून कुणाच्या तोंडून बाहेर पडली नव्हती. केबोनांगच्या धाकट्या बहिणीला, मोसादीला, ती पाठ होती. भांडी घासताना, ज्वारी कांडताना ओठांच्या आतल्या बाजूनं ती म्हणायची आणि गिळून टाकायची.

आज शनिवारी सकाळी ती अंगण झाडत होती. ऑगस्टचा वारा झाडलेलं पुन्हा पसरून जात होता. तेवढ्यात मोचुडीच्या मोठ्या रस्त्यावरून धुळीचा एक लोट वळला आणि फाटकाशी आला. लोटात शिंगं नव्हती. पांढरी पिकअप होती. फाटक उघडायला धावणाऱ्या लेकीकडे, गोराताकडे, मोसादीनं पाहिलं, आणि म्हातारा तिच्या कानात पुटपुटला: कोणाची?

गाडी चालवत आलेला रा दिखांग उतरला, तो विकणारा. शेजारून केबोनांग उतरला, हॅट सांभाळत, आज सगळा व्यवहार आपल्या खांद्यावर आहे अशा चालीनं. आणि मागच्या हौद्यातून त्याचा मुलगा ओलेबिले उडी मारून खाली आला, केसांपासून बुटांपर्यंत धुळीनं माखलेला.

“कसे उठलात, रा?”

“उठलो, म्मा. तुम्ही कशा उठलात?”

“अगं बायको,” ओलेबिले गोराताला ओरडला, “नवरा आलाय, पाणी आण!” मामाचा मुलगा आणि आत्याची मुलगी, ही थट्टा त्यांच्या हक्काची.

“नवऱ्याला आधी कुणीतरी झटका,” गोराता म्हणाली. “मी आज गाडी बघायला बसलेय, पिठाचं पोतं नाही.”

दिखांग खो खो हसला. पण गोराता पुढं झाली, तिनं बॉनेटवर पालथा हात ठेवला, आणि तिचं हसू मावळलं.

“तापलंय, रा. मी सांगितलं होतं, थंड गाडी बघायची आहे.”

“थंड गाडी? मग काय ढकलत आणायची होती? केबोनांग, तुझी भाची मला गाढव समजते.”

“गाढव नाही, रा. पण गरम इंजिन गोड बोलतं. थंड इंजिन सुरू होताना खरं बोलतं. निवेपर्यंत थांबू. आईनं हंडा चढवलाच आहे.”

गोराता बोअरचे पंप बसवायची, दुरुस्त करायची. गुरांच्या तळांवर, जिथं रस्ता संपून नुसती चाकांची खूण उरते, तिथं पाणी थांबलं की लोक तिला बोलावत. जाताना कुणाच्या गाढवगाडीत, येताना कुणाच्या ट्रॅक्टरवर, लोखंडी पाइप मांडीवर घेऊन. गेल्या हिवाळ्यात एका तळावर पोचायला तिला उशीर झाला, कारण गाडीच मिळाली नाही. ती पोचली तेव्हा हौदाशी वासरं आडवी पडलेली होती. त्या दिवशी तिनं ठरवलं, दुसऱ्याच्या चाकांवर आता बसायचं नाही. तिची मजुरी तेव्हापासून बँकेत साठत होती.

“बरं, तोवर गाडीच्या नोंदणीचं ब्लू बुक दाखवा,” ती म्हणाली. “आणि तुमचं ओळखपत्र.”

वाऱ्यानं पत्र्याचं एक भांडं लोळवलं.

“ओळखपत्र,” दिखांग हळूच म्हणाला. “केबोनांग, ऐकलंस? आपण एका मोफातोचे, एका वयाच्या तुकडीचे. एकाच हिवाळ्यात रानात थंडीनं कुडकुडलो, एकाच दिवशी पुरुष म्हणून गावात परतलो. आणि तुझी भाची विचारते, मी कोण?”

केबोनांगच्या कानशिलाशी रक्त चढलं. “गोराता! या माणसाच्या आणि माझ्या मध्ये कागद कधी आला नाही. त्याचा शब्द आहे, माझा शब्द आहे.”

“मामा, परिवहन कार्यालयातल्या खिडकीवर बसलेली बाई तुमच्या मोफातोची नाही,” गोराता म्हणाली. आवाज नम्र, पण हात पुढं केलेलाच.

ओलेबिलेला खोकला आला. म्हणजे तो हसला होता.

दिखांगनं आसनाखालून पुस्तक काढलं. गोराता रुमाल डोक्याला घट्ट बांधून चाकाशी आडवी झाली, चेसिसवरचा गंज आणि चिखल चिंधीनं पुसला, आणि टॉर्च लावला.

“ओल्या, पुस्तक धर. मी वाचते, तू बघ.”

ती गाडीखालून एक एक अक्षर म्हणू लागली. म्हणायची आणि थांबायची. ओलेबिले पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ओरडायचा, “आहे!” पुन्हा एक अक्षर, पुन्हा थांबणं. “आहे!”

चुलीशी बसलेल्या मोसादीचा हात हंड्यातल्या डावावर तसाच राहिला. काट्यांचं कुंपण, ओंडक्यावरचं पोरगं, धूळ. चाल तीच होती.

इंजिनवरचा आकडाही जुळला. कुठं घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण नव्हती. गोराता कपडे झटकत उठली आणि तिनं पुस्तकाचं पान उलटलं.

“रा, इथं नाव केरेंग दिखांग लिहिलंय.”

“माझी बायको. तिच्या नोकरीवर कर्ज मिळालं होतं तेव्हा, म्हणून तिचं नाव. कर्ज कधीच फिटलं. गाडी घरातलीच. तिचं काय, माझं काय.”

“एकच असेल तर काम सोपंच आहे. त्यांची सही लागेल. आणि कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र.”

“पत्र तिच्या पेटीत असेल.” दिखांगनं मान खाजवली. “ती आज चर्चमध्ये आहे, बायकांच्या मयत-मंडळाच्या, अंत्यविधीच्या वर्गणीच्या बैठकीला.”

“त्यांना ठाऊक आहे ना, गाडी विकतोय ते?”

दिखांगनं मोरुलाच्या झाडाकडे पाहिलं, जणू यंदा फळ कसं येईल याचा अंदाज घेत होता.

“ओल्या,” गोराता म्हणाली, “जा. म्मा दिखांगना मानानं बोलावून आण. पत्रही सांग.”

“आधी जेवतो.”

“नवरा असशील तर आधी जा.”

*

झाडाखाली जेवण वाढलं. कुटलेलं गोमांस, ज्वारीचा घट्ट घाटा, आंबट दूध. ओलेबिले धापा टाकत परतला आणि निरोप सांगून ताटावर बसला: म्मा दिखांग घरून पत्र घेऊन येतायत, आणि त्यांनी रा दिखांगसाठी जो निरोप दिलाय तो जेवताना सांगण्यासारखा नाही.

केबोनांगनं मांसाचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. भाचीवर त्याचा राग होता आणि अभिमानही. गावच्या बैठकीत, जिथं पुरुष पाठ टेकायच्या खुर्च्या घेऊन बसतात, तिथं तो कितीदा म्हणाला होता, “तुमच्या भाच्या केस विंचरतात. माझी पाताळातून पाणी काढते.” तिच्या गाडीचा सौदा आपल्या तोंडून व्हावा, आपल्या सावलीत व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. मामा कशासाठी असतो?

“ऐक, बाळ,” तो म्हणाला. “गाडी चांगली आहे, घे. पण पुस्तकात नाव माझं घालू. दिखांगला तसं सांगितलंय मी.”

गोरातानं वाटी खाली ठेवली. “मामा, पैसे माझे आहेत.”

“पैसे तुझेच. गाडीही तुझीच. चालव, लाद, धू. नाव म्हणजे छप्पर. छप्पर काय धान्य खातं?”

“मग छप्पर माझंच असू दे ना.”

“उद्या लग्न होईल. सासरचे चावी मागतील. मी म्हणेन, मामाची गाडी आहे, हात मागं घ्या. तुझ्या नावावर असली तर कोण काय म्हणणार? या घरात पहिल्यापासून असंच आहे. एक घर, एक खूण. माझ्या बापाच्या कळपावर तापल्या लोखंडाचा एकच डाग होता, तो आता माझा आहे, आणि त्या डागाखाली कुणाचं काही हरवलं नाही.”

चुलीवरचं लाकूड फुटलं. मोसादी वाकून ते सारखं करू लागली.

“बरोबर आहे,” दिखांग म्हणाला. “पोरी, मामाचं ऐक.”

“आणि मामा,” गोराता म्हणाली, “तुम्ही खूप जगा. पण कधीतरी तुम्ही नसाल. तेव्हा हा म्हणेल, बापाची गाडी आहे.”

“मी?” ओलेबिलेनं छातीवर हात ठेवला. “मी नाही म्हणणार!” मग तो जरा घुटमळला, ताटाकडे पाहिलं. “मी नाही म्हणणार. पण बाबा, खरं सांगू? माझी होणारी बायको म्हणेल. आणि मी तिला ‘नाही’ म्हणेन असं मला नाही वाटत.”

“तू गप्प बस!”

“बसतो. पण नाव तिचंच घाला.”

केबोनांग बहिणीकडे वळला. घरात शेवटचा शब्द मामाचा, पण त्याची बहीण गप्प असेल तर तो शब्द लंगडा पडतो, हे त्यालाही ठाऊक होतं. “मोसादी, तू सांग हिला.”

गोरातानंही आईकडे पाहिलं. त्या नजरेत लहानपणची गोराता होती, दुखऱ्या गुडघ्यावर फुंकर मागणारी.

“घाटा निवतोय, दादा,” मोसादी म्हणाली. “जेवा.”

गोरातानं मान खाली घातली. तिला आज आईचा राग आला नाही, वाईट वाटलं.

मोसादी घाटा वाढत राहिली. लाल गाय तिची होती. ती रांगायला लागली तेव्हा बापानं एक लाल गाभण कालवड तिच्या नावानं सोडली होती, सगळ्या घरासमोर. पण डाग दिला तो घराचा, कारण घरात डाग एकच होता, आणि मुलींसाठी वेगळा डाग कुणी करत नसे. तिचं नाव फक्त बापाच्या आवाजात होतं, रोज संध्याकाळी, कुंपणाच्या तोंडाशी. बाप गेला. मयतीला केबोनांग उभा राहून बापाची कळपाची गाणी म्हणू लागला. करडी म्हटली, काळा म्हटला, आणि लाल गायीपाशी त्याचा गळा भरून आला. तो पुढच्या ओळीवर गेला. पुढच्या वेळी गळा भरून आला नव्हता, तरी तो पुढच्याच ओळीवर गेला. लाल गायीच्या कालवडी केबोनांगच्या बायकोच्या माहेरी देज म्हणून गेल्या. घरावर पत्रा आला तोही त्यांच्यातूनच. ओलेबिले शाळेत गेला तोही. भावानं चोरलं असं तिनं कधी मनात आणलं नाही. कुणी विचारलंच नाही, ‘कोणाची?’, म्हणून कुणी सांगितलं नाही. आणि आपण तोंड उघडलं तर मयतीच्या दिवशीच्या त्या भरल्या गळ्याला आपण खोटं म्हटल्यासारखं होईल, म्हणून तीही गप्प राहिली.

*

फाटकाशी आधी छत्री दिसली, मग म्मा दिखांग.

“माझी गाडी विकायला निघालीय,” ती तिथूनच म्हणाली, “आणि मी दुसऱ्यांच्या शवपेट्यांचा हिशोब करतेय! दिखांग, मला कधी सांगणार होतास? नवीन मालक माझ्या दारावरून हॉर्न वाजवत गेल्यावर?”

“अगं, संध्याकाळी सांगणारच होतो.”

“तू बैल देऊन आलास तरी संध्याकाळी सांगत नाहीस.” ती येऊन खुर्चीत बसली, घाम पुसला, सगळ्यांना कसे उठलात विचारलं, उत्तरं ऐकली. मग गोराताला आपादमस्तक न्याहाळलं. “माझ्या भावाच्या तळावरचा पंप चालू केलास, ती तूच का? म्हातारा सांगत होता, एक पोरगी आली, साखळी लावली, पाइप वर ओढले, खाली सोडले, आणि पाणी आलं. तो पाण्यापेक्षा तुझ्या हातांबद्दल जास्त बोलत होता.”

गोराता लाजली. केबोनांगची मान आपोआप ताठ झाली. “माझी भाची आहे,” तो म्हणाला.

“दिसतंय. जिनं मला न विचारता गाडी घ्यायचं नाकारलं, ती चांगल्या घरची असणार.” तिनं पिशवीतून बँकेचं पत्र काढलं, सरळ केलं. “घे, वाच. शिक्का बघ, तारीख बघ. लाजू नकोस, मी तुझ्या जागी असते तर दातही मोजले असते.”

गोरातानं वाचलं. बॉनेटवर पुन्हा हात ठेवला. निवलं होतं. “आता चावी द्या, रा.”

ती आत बसली. इंजिन एकदा खोकलं, मग धरलं. मागून निळसर धूर निघाला, पातळ, आणि विरला. गोराता डोळे मिटून ऐकत राहिली, जशी ती बोअरच्या तोंडाशी कान लावून ऐकायची.

“पुढच्या वर्षी पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागतील,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं, रा?”

दिखांगनं हॅट हातात घेतली. “ठाऊक होतं.”

“सांगितलं असतंत तरी मी घेतली असती. आत्ताही घेते. सोमवारी पोलिसांकडून आकडे तपासून घेऊ, मग परिवहन कार्यालयात म्मा आणि मी एकाच खिडकीशी उभ्या राहू. नाव बदललं की तिथूनच बँकेतून पैसे. त्याआधी ना मी पैसे देणार, ना तुम्ही मला चावी द्यायची.”

“हिला आमच्या मंडळाची खजिनदार करा कुणीतरी,” म्मा दिखांग म्हणाली. तिनं वहीचा कोरा कागद मांडीवर घेतला, चष्मा लावला. “तोवर साधं लिहून ठेवू, सगळ्यांसमोर. विकणारी, केरेंग दिखांग. पांढरी पिकअप. आकडे हे असे. चेसिस हा असा.” पेन थांबलं. “घेणारा कोण? नाव काय लिहू?”

सगळ्यांनी केबोनांगकडे पाहिलं. दिखांगनंही, पण त्याची नजर आता आधीसारखी मित्राच्या बाजूची नव्हती. बायकोच्या खुर्चीमागं तो जरा अवघडून उभा होता.

केबोनांग उठला. भाचीचं नाव सांगावं तर आपला शब्द मोडतो, आपलं सांगावं तर घर मोडतं, असं काहीसं त्याला वाटलं असावं. अशा वेळी त्याला एकच गोष्ट यायची. तो गाडीपाशी गेला, हौद्याच्या कडेवर हात ठेवला, आणि बापाच्या चालीत म्हणू लागला. घरात नवं जनावर आलं की तो नेहमी म्हणायचा, म्हणजे सगळ्यांना आठवावं की हा कळप एकच आहे.

“ही करडी, पावसाविना ढगासारखी चालत येणारी, घराची. हा काळा, ज्याच्या हंबरण्यानं आटलेली विहीर जागी होते, केबोनांगचा.” त्यानं श्वास घेतला, आणि नेहमीप्रमाणे पाऊल लांब टाकलं. “हा तांबूस, वाकड्या शिंगाचा, जो...”

“दादा.”

मोसादी उभी राहिली होती. हातात अजून डाव होता. तिनं तो हंड्याच्या कडेवर ठेवला. लेकीकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. फाटकाकडे, धुळीकडे पाहिलं. आवाज खर्जातला आला, तिला स्वतःलाही अनोळखी, बापाचा.

“ही लाल, पांढऱ्या पोटाची, सूर्य मावळताना त्याचा तुकडा पाठीवर घेऊन येणारी. जिच्या दुधानं माझी लेक चालायला शिकली, आणि जिला माझ्या लेकीनं पहिली हाक मारली. ऐका रे काट्यांनो, तुम्ही साक्षी आहात. कोणाची?”

आणि ती थांबली. बाप थांबायचा तशी, थांबायचं म्हणजे थांबायचंच.

ओलेबिलेनं आत्याकडे पाहिलं, मग बापाकडे. ही ओळ त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती. गोराताचा हात स्टीअरिंगवरच होता. इंजिन अजून चालू होतं. तिनं हळूच चावी फिरवली, आणि नुसता वारा उरला.

केबोनांगची बोटं हौद्याच्या पत्र्यावर घट्ट झाली. मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, बैठकीत ज्याचं ऐकलं जातं असा. पण बहीण ज्या जागेकडे पाहत होती तिथं एक ओंडका होता, आणि ओंडक्यावर कुणीतरी कान टवकारून बसलेलं होतं. त्याला उत्तर पाठ होतं. ते तो कधीच विसरला नव्हता.

त्यानं हॅट काढली. म्मा दिखांगच्या हातातून पेन आणि कागद घेतला, अंगण ओलांडून गाडीच्या खिडकीशी गेला, घेणारीचं नाव लिहायला दोन्ही गोराताच्या हातात दिलं, आणि बहिणीकडे वळला.

“मोसादीची,” तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, लहानपणी म्हणायचा तसं, शेजारच्या अंगणांपर्यंत पोचेल एवढ्या जोरात. “मोसादीची! ती, आणि तिच्या पोटची सगळी.”